राष्ट्रगीत कसें निवडावें ?

ध्वज दृष्टीस पडतो, राजमुद्रा कागदावर उमटते; या दोहोंकडे नागरिकानें नुसतें आदरानें पाहिलें तरी चालतें. राष्ट्रगीताची गोष्ट निराळी आहे. तें नागरिकाच्या स्वतःच्या मुखांतून निघावें लागतें. हजारों माणसें उभीं राहून एका स्वरांत म्हणूं लागलीं म्हणजेच एखाद्या गीताला राष्ट्रगीतपण प्राप्त होतें. यास्तव देशानें आपलें राष्ट्रगीत कसें निवडावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आपल्या देशापुढें तो 1947 पासून 1950 पर्यंत उभा होता. आणि विशेष हें कीं, त्या वेळीं आपल्या प्रांताकडून गेलेलें उत्तर इतर प्रांतांच्या उत्तरांहून वेगळें होतें. ही हकीकत विद्यार्थिवर्गास फारशी परिचित नसल्यामुळें ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कसोट्यांचा विचार करूं. राष्ट्रगीत होऊं पाहणाऱ्या गीताच्या तीन कसोट्या मानतां येतील. पहिली कंठाची. ज्याला गायनाचें शिक्षण नाहीं अशा सामान्य माणसासही, बालकापासून वृद्धापर्यंत, तें म्हणतां आलें पाहिजे. त्यांत ताना व मुरक्या नसाव्या आणि तें आटोपशीर असावें. दुसरी वाद्याची. परदेशचा पाहुणा आला असतां किंवा सैन्याचें संचलन चाललें असतां तें बँडवर वाजवावें लागतें. परक्या देशांतील वादकांनाही तें स्वरलिपीवरून वाजवितां आलें पाहिजे. तिसरी मनाची. देशांतील कोणत्याही प्रांताच्या, भाषेच्या अथवा धर्माच्या माणसाला तें म्हणतांना आपल्या मनाचा एखादा भाग बाहेर ठेवावा लागूं नये. पहिल्या दोन कसोट्यांचा निर्णय संगीतज्ञ देऊं शकतात. तिसरीचा निर्णय मात्र तें गीत ज्यांना म्हणावयाचें आहे त्यांनाच विचारावा लागतो.

स्वातंत्र्य मिळालें तेव्हां आपल्यापुढें मुख्यतः दोन गीतें होतीं. पहिलें ‘वंदे मातरम्’. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘आनंदमठ’ या 1882 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत तें आलें आहे. 1896 सालच्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत रवींद्रनाथ ठाकुरांनीं तें स्वतः गाइलें, आणि 1905 सालच्या वंगभंगाच्या चळवळीपासून तर तें देशभर स्वातंत्र्याची घोषणाच होऊन बसलें. दुसरें ‘जन गण मन’. तें रवींद्रनाथांनींच रचिलें असून 1911 सालीं डिसेंबरच्या 27 तारखेस कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत प्रथम म्हटलें गेलें. पहिल्या गीतामागें त्यागाची मोठी परंपरा होती. दुसऱ्याची चाल ठसठशीत, समूहानें म्हणावयास सुलभ व वाद्यांवर सहज वाजणारी होती.

1947 सालीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिवेशनास गेलेल्या आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागण्यांत आलें. त्यांच्यापाशीं ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. तिच्यावरून तेथील वाद्यवृंदानें तें वाजविलें आणि तें सर्वांस आवडलें. इकडे पंडित जवाहरलाल नेहरूंनीं सर्व प्रांतांच्या राज्यपालांस पत्रें लिहून, आपापल्या मुख्य मंत्र्यांचा विचार घेऊन मत कळवावें, असें सांगितलें. या पत्रांस आलेल्या उत्तरांचा सारांश त्यांनीं 25 ऑगस्ट 1948 रोजीं घटना समितीपुढें निवेदन केला. एक वगळून सर्व राज्यपालांनीं ‘जन गण मन’ला संमति दिली होती. तो एक राज्यपाल मध्यप्रांताचा होता. गोंदिया त्या काळीं भंडारा जिल्ह्यांत व भंडारा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतांत मोडत असे. म्हणजे तें वेगळें उत्तर आपल्याच प्रांताचें होतें. पश्चिम बंगालच्या सरकारनेंही आपणांस ‘वंदे मातरम्’ अधिक पसंत असल्याचें मागाहून कळविलें. तरी अंतिम निर्णय घटना समितीनें करावा, तोंपर्यंत ‘जन गण मन’ची चाल तात्पुरती वापरावी, असें मंत्रिमंडळानें ठरविलें.

‘वंदे मातरम्’ बँडवर नीट वाजत नाहीं, हा त्याच्यावरील एक मोठा आक्षेप होता. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीं एका महाराष्ट्रीय गायकानें जें केलें तें प्रत्येक मराठी विद्यार्थ्यानें जाणण्यासारखें आहे. आळंदीस 1898 सालीं जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळींतील नट व ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीतदिग्दर्शक मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे ते गृहस्थ होत. त्यांनीं झिंझोटी रागांत त्या गीताची सोपी, समूहाला पेलेल अशी चाल बांधली. बँडच्या जाणकारांचें साहाय्य घेऊन तिची पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपि सिद्ध केली. आणि दिल्लीस जाऊन पुढाऱ्यांसमोर तें गीत गाऊन व वाजवून दाखविलें. वाद्याच्या कसोटीस हें गीत उतरूं शकतें, हें त्यांनीं शब्दांनीं नव्हे तर प्रयोगानें सिद्ध केलें. असें असूनही निवड त्यांच्या बाजूची झाली नाहीं.

याचें कारण उघड आहे. आक्षेप केवळ वाद्याचा नव्हता. त्या गीताच्या पुढील कडव्यांत मातृभूमीचें देवतारूपानें स्तवन आहे, आणि तें आपल्या धर्मश्रद्धेशीं जुळत नाहीं असें अनेक मुसलमान बांधवांस वाटत होतें. म्हणूनच 1937 सालीं राष्ट्रीय सभेच्या कार्यकारिणीनें, सभांमध्यें त्याचीं पहिलीं दोनच कडवीं म्हणावीं, असें ठरविलें होतें. मास्तर कृष्णरावांचे परिश्रम दुसऱ्या कसोटीपुरते पूर्ण होते. तिसरी कसोटी कोणत्याही गवयाच्या हातची नव्हती.

शेवटीं 24 जानेवारी 1950 रोजीं, ज्या दिवशीं घटना समितीच्या सभासदांनीं राज्यघटनेवर सह्या केल्या त्याच दिवशीं, अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनीं निर्णय वाचून दाखविला : ‘जन गण मन’ हें राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यांत ऐतिहासिक कार्य केलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. या प्रश्नावर मतदान झालें नाहीं. मतदान झालें असतें तर एक बाजू जिंकली व दुसरी हरली असती, आणि हरलेल्या बाजूला तेंच गीत दुसऱ्या दिवशीं उभें राहून म्हणावें लागलें असतें. दोन्ही गीतांस मान देऊन तो कटु प्रसंग टाळण्यांत आला.

यांतून एक गोष्ट ध्यानांत येते. गीत निवडणें म्हणजे पुष्कळ अंशीं कांहींतरी गाळणें होय. ‘जन गण मन’चीं मूळ कडवीं पांच, राष्ट्रगीत म्हणून घेतलें तें पहिलें, व तें सुमारें 52 सेकंदांत पूर्ण होतें. जर्मनीनें आपल्या जुन्या गीताचें केवळ तिसरें कडवें ठेविलें. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहींत, केवळ सूर आहेत. दक्षिण आफ्रिकेनें 1997 सालीं दोन गीतें जोडून एक केलें. एक पूर्वीच्या सत्ताधाऱ्यांचें, दुसरें त्यांच्याविरुद्ध लढलेल्यांचें. आणि त्या एका गीतांत पांच भाषा नांदतात. प्रत्येक ठिकाणीं हेतु एकच, कीं कोणाचेंही तोंड मिटलेलें राहूं नये.

अशीच निवड अलीकडे आपल्या राज्यानेंही केली. महाराष्ट्र सरकारनें ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हें राज्यगीत म्हणून स्वीकारलें व 19 फेब्रुवारी 1923 नव्हे, तर 2023 च्या त्याच तारखेपासून, म्हणजे शिवजयंतीपासून, तें अंमलांत आलें. शब्द नागपूरचे कवि राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचें, आणि तें घरोघर पोहोंचविलें शाहीर साबळे यांनीं. येथेंही मूळ गीतांतील दोनच कडवीं घेण्यांत आलीं. या गीतांत महाराष्ट्राच्या अनेक नद्यांचीं नांवें आहेत. विदर्भाची वर्धा आहे. परंतु आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी वैनगंगा नाहीं. गोंदियाच्या मुलाच्या मनांत ही उणीव सलल्यास त्यांत नवल नाहीं.

परंतु गीत म्हणजे खानेसुमारी नव्हे. ‘जन गण मन’मध्येंही कित्येक प्रांतांचीं नांवें नाहींत, आणि सिंधचें नांव आहे, तो प्रांत तर 1947 सालीं देशाबाहेर गेला. तें नांव काढून टाकावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला असतां 2005 सालीं न्यायालयानें तो फेटाळला. गीतांतील नांवें एका समग्र देशाची खूण म्हणून येतात. तीं सीमा आंखण्यासाठीं नसतात. आपली वैनगंगाही पुढें वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत विलीन होते. गीतांत वर्धा व गोदावरी या दोघीही आहेत. ज्याला भूगोल ठाऊक आहे त्याला आपली नदी त्या गीतांत सांपडते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावी. केरळांतील तीन मुलें आपल्या धर्मश्रद्धेमुळें राष्ट्रगीत म्हणत नसत. परंतु तें चाललें असतां आदरानें उभीं राहत. त्यांना शाळेंतून काढण्यांत आलें, तेव्हां 1986 सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घेण्याची आज्ञा केली. आदरानें उभा राहिलेला मूक मनुष्यही राष्ट्राचाच आहे, असा या निर्णयाचा अर्थ होतो.

आपल्या या जिल्ह्यांत एकाच वर्गांत मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढी बोलणारीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. शाळेसाठीं, मंडळासाठीं वा संमेलनासाठीं एखादें गीत निवडण्याचा प्रसंग त्यांच्यावर पुढेंमागें येईलच. त्या वेळीं ‘मला कोणतें आवडतें’ हा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु त्याच्या पाठोपाठ ‘हें म्हणतांना आमच्यापैकीं कोण गप्प राहील’ हाही विचारावा. आणि निवड आपल्या मताविरुद्ध झाली तर आपल्या जुन्या प्रांताचें उदाहरण आठवावें. त्यानें 1948 सालीं आपलें वेगळें मत स्पष्टपणें कळविलें. आणि निर्णय झाल्यावर येथील शाळांनीं तेंच राष्ट्रगीत इतरांच्या बरोबरीनें म्हटलें. मत देण्याचें धैर्य व निर्णय मानण्याचें औदार्य हे दोन्ही गुण ज्या समाजांत आहेत, त्याला आपलें गीत निवडणें कधींही जड जाणार नाहीं.