भांडी तीच, मांडणी नवी

आमच्या खर्डीच्या घरात नऊ वर्षं जुना लॅपटॉप आहे. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची, बॅटरी मेलेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अद्यतनं थांबली आणि विंडोज ११ च्या यादीत याचा प्रोसेसर बसेना. भंगारात घालण्याआधी म्हटलं, लिनक्स टाकून बघू.

लिनक्स हे खरं तर गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं नाव. मेमरी वाटून देणं, डिस्कशी व्यवहार करणं हे त्याचं काम. पडद्यावरची पट्टी, मेन्यू, खिडक्या सांभाळतो तो वेगळा थर, डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. स्वयंपाकघरात भांडी तीच ठेवून मांडणी बदलावी तसा तो बदलता येतो. एकाच यंत्रावर दोन-तीन ठेवा आणि लॉगिन करताना हवा तो निवडा. फायली जागच्या जागी राहतात.

अशा मांडण्यांपैकी ग्नोम देखणं, पण त्याने आमच्या लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. मग एक्सएफसीई घेतलं. १९९६ मध्ये ऑलिव्हिए फुरदाँ यांनी सुरू केलेलं हे काम, बोधचिन्ह उंदराचं. नाचऱ्या खिडक्यांची हौस त्याला कमी, म्हणून हलकं. सुरू झाल्यावर पाऊण जीबीच्या आसपास मेमरी लागली. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की मात्र हा हलकेपणा संपतो. वेबसाइटींची भूक कुठलीच मांडणी कमी करत नाही, हे जाहिरातवजा व्हिडिओंत कोणी सांगत नाही.

माझी खरी परीक्षा मराठीची होती. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द मी मुद्दाम टाइप केले. पहिल्यात र, हलन्त, य आणि वर रफार. दुसऱ्यात इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून J ही कळ दाबायची, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो. पुढे हलन्त आणि य दिले की अर्धचंद्रासारखा र उमटतो. अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते, आकार फॉन्ट देतो. पुण्यात रेड हॅटच्या मंडळींनी जोपासलेला लोहित फॉन्ट इथे कामी आला. गुरुजी गुरुजीच राहिले, स्वयंपाकी स्वयंपाकीच.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज न सांगता जाते आणि लॅपटॉप धाडकन बंद पडतो. तरी तो पुन्हा नीट उघडला, कारण एक्स्ट-४ ही फाइल-रचना बदलांची आधी नोंद ठेवते. श्रेय गाभ्याचं, मांडणीचं नाही. न साठवलेला अर्धा परिच्छेद मात्र गेलाच. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात एक रविवारही गेला.

करून बघायचं असेल तर लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून चालवा. तसं ते संथच वाटतं. वेगाचा निवाडा तेव्हाच करू नका. डिस्कवर घालायचं ठरलंच, तर त्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.