दहा मिनिटांचा पाठ

बारावीपर्यंत शिकवायचे असेल तर आपल्याकडे डी.एड. नाहीतर बी.एड. मागतात. तेरावीच्या वर्गावर जायला मात्र विषयातली एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि वर नेट किंवा सेट एवढे पुरते. प्रश्न कुणाला आणि कधी विचारावा, शेवटच्या बाकापर्यंत काय पोचले हे कसे ओळखावे, याची विचारपूस कोणी करत नाही. ज्याला विषय येतो त्याला शिकवताही येते, ही समजूत जगभरच्या विद्यापीठांत आहे. तिच्यापायी त्यांचे काही अडत नाही आणि तिच्यामुळे बिघडलेले चटकन दिसतही नाही, कारण तिथली मुले गाळून आलेली असतात. शिक्षक कसाही असला तरी त्यांतली बरीच आपापली शिकून घेतात.

कॅनडा-अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात ही सोय नाही. तिथे दार सगळ्यांना उघडे. कॉलेजातल्या शिक्षकालाही शिकवायला शिकावे लागते, हे त्यामुळे तिथे आधी उघडे पडले आणि त्यावरचा एक उपायही तिथेच निघाला. त्याचे नाव इन्स्ट्रक्शनल स्किल्स वर्कशॉप. तिथले लोक नुसते आय.एस.डब्ल्यू. म्हणतात.

ही कार्यशाळा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली. १९६२ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन मॅकडोनाल्ड यांनी प्रांताच्या उच्च शिक्षणावर अहवाल दिला. सगळे काही व्हँकूवर आणि व्हिक्टोरिया या दोन शहरांत एकवटले आहे, बाकीच्या गावांसाठी दोन-दोन वर्षांची कॉलेजे काढा, असे त्यात सुचवले होते. १९६५ मध्ये व्हँकूवर सिटी कॉलेज निघाले, तेही नव्या इमारतीत नवा संसार मांडून नव्हे. व्यवसाय-प्रशिक्षणाची संस्था, कलाशाळा आणि प्रौढांना मॅट्रिक करणारे केंद्र, ही तीन आधीचीच घरे एका नावाखाली आली. पुढे त्याचेच व्हँकूवर कम्युनिटी कॉलेज झाले. १९६६ मध्ये कॅसलगार गावी सेल्कर्क कॉलेज, मग कॅपिलानो, डग्लस, कॅमोसन अशी रांग लागली.

या कॉलेजांत शिकवायला आलेली माणसे बघण्यासारखी होती. वीस वर्षे जहाजाच्या पत्र्यांना वेल्डिंग केलेला कारागीर, रुग्णालयातून आलेली परिचारिका, बेकरीवाला, हिशेबनीस आणि इतिहासात एम.ए. केलेला तरुण, सगळे एकाच पगारपत्रकावर. समोर बसलेलेही तसेच. लाकूड गिरणी बंद पडल्यावर चाळिशीत नवा धंदा शिकायला आलेला, नुकताच देशात येऊन इंग्रजी गिरवणारा, आणि दोन वर्षे इथे स्वस्तात काढून विद्यापीठात जाऊ बघणारी अठरा वर्षांची मुलगी. या शिक्षकांना वर्ष-दोन वर्षे अध्यापक महाविद्यालयात पाठवणे शक्य नव्हते. वेल्डरला कामावर घेतले तर सोमवारी त्याचा वर्ग असायचा.

१९७८च्या सुमारास डग्लस केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी तोड काढली ती मला आजही धाडसाची वाटते. त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम आखला नाही, प्राध्यापक बोलावले नाहीत. चार ते सहा शिक्षकांना एका खोलीत चोवीस तास, म्हणजे साधारण तीन दिवस, बसवायचे आणि एकमेकांना शिकवायला लावायचे. प्रत्येकाने तीन पाठ घ्यायचे, रोज एक, दहा मिनिटांचा. बाकीचे विद्यार्थी. सोबत एक सूत्रधार, तोही आपल्यासारखाच कुठल्यातरी कॉलेजचा शिक्षक. आणि एक व्हिडिओ कॅमेरा.

प्रत्येक पाठाचे चक्र चाळीस मिनिटांचे. पहिली दहा मिनिटे मांडामांड, दहा मिनिटे पाठ, सात मिनिटे विद्यार्थ्यांनी लेखी अभिप्राय लिहायचा, उरलेली तेरा मिनिटे तोंडी. वेळ संपली की पाठ थांबतो, वाक्य अर्धे राहिले तरी. दहा मिनिटांत काय होणार, असे वाटते. पण ‘हे फार मोठे आहे, एवढ्यात बसणार नाही’ म्हणणाऱ्याला आधी ठरवावे लागते की दहाव्या मिनिटाला समोरच्याला नेमके काय यायला हवे. बहुतेकांना पहिली ठेच इथेच लागते. आपण काय सांगणार आहोत याची यादी त्यांच्याकडे असते, समोरच्याला काय करता येईल याची नसते.

इथे नियम एकच, पण त्यावर सगळा डोलारा उभा आहे. विद्यार्थ्याचे सोंग करायचे नाही. शिकणारे स्वतः म्हणून बसतात आणि खरोखर माहीत नसलेली गोष्ट शिकतात. वेल्डर त्यांना धातूवरचा सांधा डोळ्यांनी पारखायला शिकवतो, परिचारिका नाडी मोजायला, तत्त्वज्ञानाचा शिक्षक एखाद्या युक्तिवादातली खोट हुडकायला. दहा मिनिटांनी ते आले की नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ज्याला आले नाही तोच साक्षीदार.

ज्यांनी बी.एड. केले आहे त्यांना इथे आपले सूक्ष्म पाठ आठवतील. ते आठवणे चुकीचे नाही, मूळ एकच आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी मायक्रोटीचिंग सुरू केले, तेही कॅमेऱ्याच्या बळावर. भारतात सत्तरच्या दशकात बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात त्यावर बरेच काम झाले, १९७६ मध्ये बी. के. पासी यांचे पुस्तक आले, आणि एनसीईआरटीच्या मदतीने जे भारतीय प्रतिमान ठरले ते छत्तीस मिनिटांचे: सहा मिनिटे पाठ, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, सहा पुनर्पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण. छात्राध्यापकाने प्रस्तावना कौशल्य, फलकलेखन कौशल्य, चेतक बदल कौशल्य असे एकेक सुटे घ्यायचे आणि घोटायचे. पुनर्पाठाची सोय ही आपल्या चक्राची बाजू भक्कम करते. कॅनडातल्या चक्रात तो नाही, चूक सुधारायची ती उद्याच्या वेगळ्या पाठात.

पण आपल्याकडे समोर बसलेले सहाध्यायी ‘इयत्ता सातवी’ असतात. तिशीला टेकलेली माणसे हात वर करून ‘बाई, मी सांगू?’ म्हणतात, ठरलेले उत्तर देतात, एखादा मुद्दाम चुकीचेही देतो म्हणजे बाईंना चूक सुधारण्याचे कौशल्य दाखवता यावे. सगळ्यांना प्रकाशसंश्लेषण आधीच माहीत असते. मग निरीक्षण तक्त्यावर खुणा होतात आणि वही सहीसाठी जाते. कोणाला काही समजले का, हा प्रश्नच तिथे उद्भवू शकत नाही. सूक्ष्म अध्यापनाने शिकवण्याचे सुटे भाग केले. केर यांच्या मंडळींनी पाठ अख्खा ठेवला आणि फक्त लहान केला. मला दुसरी वाट अधिक पटते.

अभिप्राय देणे हा कार्यशाळेचा अवघड भाग. पहिल्या दिवशी सगळे गोड बोलतात, ‘छान झाले, आवाज स्पष्ट होता.’ सूत्रधाराचे बरेचसे काम त्यांना यातून बाहेर काढण्याचे. ‘तुम्ही फळ्याशीच बोलता’ हा निकाल झाला. ‘तुम्ही फळ्याकडे वळलात तेव्हा तिसरी पायरी मला ऐकू आली नाही आणि पुढचे सगळे सुटले’ ही हकिकत झाली, आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. गुण नाहीत, श्रेणी नाही, प्राचार्यांकडे अहवाल जात नाही. खोलीत घडते ते खोलीत राहते. चित्रफीत ज्याची त्याच्याकडे. ती घरी एकट्याने बघणे हा बऱ्याच जणांना तीन दिवसांतला सर्वांत कडू डोस वाटतो.

पाठाला सहा टप्प्यांचा साचाही आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘बॉप्स’ म्हणतात. आधी विषयाकडे नेणारा पूल, मग उद्दिष्ट, मग समोरच्यांना आधीच काय येते याची चाचपणी, मग त्यांना हात घालायला लावणारा मधला भाग, मग आले की नाही याची चाचणी, शेवटी समारोप. आपल्या पाठ टाचणांवर पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणारी जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टची पंचपदी याच्या शेजारी ठेवून पाहावी. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन या रकान्यांत काम मुख्यतः शिक्षकाचे. बॉप्समध्ये सहापैकी निम्म्या पायऱ्यांवर शिक्षकाला गप्प बसून समोरच्याकडे बघावे लागते. त्यातली पूर्वचाचणी मला सर्वांत मोलाची वाटते आणि कार्यशाळेत सर्वांत आधी तीच गाळली जाते. कारण तिच्या उत्तरावर पाठ बदलावा लागतो, आणि आयत्या वेळी पाठ बदलायला विषयाची पकड हवी. शिकवण्याचे तंत्र आणि विषयाचे ज्ञान वेगळे काढता येत नाही, हे त्या मिनिटभरात कळून चुकते.

पसरण्याची पद्धतही घरगुती आहे. ज्याने कार्यशाळा केली तो पुढे साधारण पाच दिवसांची सूत्रधारांची कार्यशाळा करतो आणि परत आपल्या कॉलेजात जाऊन सहकाऱ्यांसाठी कार्यशाळा भरवतो. सूत्रधार घडवणाऱ्यांसाठी आणखी एक वरची पायरी आहे. बाहेरून कोणी तज्ज्ञ यावा लागत नाही. अशी ही कार्यशाळा कॅनडाभर गेली, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत गेली, आणि मग उलट्या दिशेने, कॉलेजांकडून विद्यापीठांत शिरली. आज खुद्द ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी ती करतात. वेल्डर आणि नर्सबाईंसाठी निघालेले औषध विद्वानांना लागू पडावे, याची मला गंमत वाटते.

चीनमध्ये तर बॉप्सचा बोलबाला आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी विद्यापीठांत त्या सहा पायऱ्यांवर पाठ बेतले जातात आणि त्यावरच्या शोधनिबंधांचा पाऊस पडतो. या निबंधांत साचा भेटतो, पाचजणांची खोली क्वचितच. साचा कागदावर मावतो, डाकेने जातो, रकाने भरून पुरा होतो. हर्बार्टचे हेच झाले होते. त्याच्या नावावर खपणारी पंचपदी त्याच्या मागून त्सिलर आणि राइन या अनुयायांनी पक्की केली, आणि जगभरच्या अध्यापक महाविद्यालयांनी तिचे तक्ते छापले.

आपल्याकडे १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. कॉलेज शिक्षकालाही प्रशिक्षण लागते हे सरकारी पातळीवर मान्य झाले, ही मोठीच गोष्ट होती. पाट्या बदलत गेल्या, आधी मानव संसाधन विकास केंद्रे झाली, आता ती मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे आहेत. आधी ओरिएंटेशन आणि मग रिफ्रेशर हे बढतीच्या अर्जाला जोडावे लागत असल्याने प्राध्यापक जातातच. तिथे व्याख्याने चांगली कसून होतात. शेवटी सहभागींनी छोटे पाठ किंवा सेमिनार द्यायचे असतात, आणि त्यांची श्रेणी लागते. श्रेणी लागली की माणूस आपल्याला सर्वांत चांगले येते तेच सादर करतो, आणि सहकारी टाळ्या वाजवतात, कारण उद्या त्यांची पाळी असते.

कॅनडाची कार्यशाळा जशीच्या तशी इथे आणा असे मी म्हणणार नाही. तिथल्या कॉलेजच्या वर्गात तीस-पस्तीस जण असतात. मुंबईच्या एखाद्या कॉमर्स कॉलेजात एफ.वाय.च्या एका तुकडीत १२० नावे असतात आणि तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तिथे चौथ्या पायरीचा, म्हणजे सगळ्यांनी हात घालण्याचा, निभाव लागणे कठीण. तिसरी आणि पाचवी मात्र तिथेही टिकतात. तासाच्या सुरुवातीला एक प्रश्न आणि शेवटी तोच प्रश्न, पावपानी कागदावर, नाव न लिहिता. १२० चिठोऱ्या वाचायला स्टाफरूममध्ये पंधरा-वीस मिनिटे लागतात. आजचा तास कुणापर्यंत पोचला नाही हे कळायला तेवढ्या पुरतात, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.