गृहस्थाश्रमातील चौथे ऋण

आपल्या परंपरेने मनुष्याच्या माथी देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे मानली आहेत. ती जन्मासोबत येतात आणि ती मान्य करण्यात कुणालाही संकोच वाटत नाही. गुरुजनांच्या स्मृतीप्रीत्यर्थ व्याख्यान योजणे हा ऋषिऋण मान्य करण्याचाच एक नम्र प्रकार होय. चौथे ऋण मात्र मनुष्य स्वतः ओढवून घेतो आणि ते तो लपवितो. परक्यांपासून लपविणे समजण्याजोगे आहे. परंतु पुष्कळ घरांत ते पती पत्नीपासून किंवा पत्नी पतीपासून लपवीत असते. क्रेडिट कार्डाचे कर्ज या लपवाछपवीस विशेष अनुकूल असते, कारण त्यासाठी ना जामीन लागतो, ना घरी कुणाची सही. अशा कर्जातून दांपत्याने कसे बाहेर पडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या मातीतील एक जुना धडा

खैरलांजीच्या परिसराला कर्ज नवे नाही. रोवणीला पैसा आज लागतो आणि धान काही महिन्यांनी घरी येते. मधले अंतर पूर्वी सावकार भरून काढी. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, पण कागदावरचा कर्जाचा आकडा तसाच राहिला. जे कर्ज पूर्वी थोड्या धान्यात फिटले असते, त्यास आता दुपटीने धान्य विकूनही पुरेना. त्या काळी बालाघाट जिल्हा मध्यप्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. या प्रांताने १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा केला. पाठोपाठ १९३४ साली पंजाबनेही कर्जपीडितांसाठी कायदा केला.

या कायद्यातील कार्यपद्धती आजही मननीय आहे. तडजोड मंडळापुढे ऋणकोने आपली सर्व देणी लिहून द्यावयाची. धनकोंनीही ठराविक मुदतीत आपापले येणे मांडावयाचे. जो मांडणार नाही, त्याचे येणे फिटले असे समजले जाई. त्यानंतर सामोपचाराची बोलणी आणि शेवटी हप्त्यांची लेखी तडजोड. आधी संपूर्ण यादी, मग चर्चा, मग हप्ते, असा हा क्रम होता. आपण मात्र बहुधा उलट करतो. प्रथम एखादा हप्ता कसाबसा भरतो, मग भांडतो, आणि पूर्ण यादी कधीच करीत नाही.

कार्डाचे गणित

येथे एक भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड हे नावाने कार्ड असले तरी वस्तुतः पीककर्ज आहे. वेळेवर फेड करणाऱ्यास त्यावर व्याजाची मोठी सवलत मिळते. बाजारातील खरेदीचे क्रेडिट कार्ड निराळे. त्याचे संपूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज पडत नाही. बिल अपुरे भरले की मात्र उरलेल्या रकमेवर तर व्याज लागतेच, शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सामान्यतः जाते.

समजा, कार्डावर १,००,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ६३० रुपये. एकूण ४,१३० रुपये. बिलावर छापलेली किमान देय रक्कम ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये धरली, तर ती भरूनही मुद्दलातून फक्त ८७० रुपये कमी होतात. याउलट तेच एक लाख रुपये वार्षिक १४ टक्के दराने तीन वर्षांच्या साध्या कर्जात बदलून घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३,४१८ रुपये येतो. म्हणजे कार्डाच्या नुसत्या व्याजाहून लहान असलेल्या हप्त्यात सगळे कर्ज तीन वर्षांत फिटते. किमान रक्कम भरणारा मनुष्य प्रामाणिक असतो, कष्टाळू असतो. केवळ हे गणित त्याला कुणी सांगितलेले नसते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. कार्डाच्या व्याजाला असा बांध नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली घातलेली वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा बांध घरातच घालावा लागतो.

देणे कुणाचे?

कायद्याच्या दृष्टीने कार्ड ज्याच्या नावे, देणे त्याचे. केवळ पत्नी आहे म्हणून पतीच्या कार्डाचे देणे तिच्यावर येत नाही, आणि पतीलाही तोच नियम लागू. पूरक कार्ड जोडीदाराने वापरले तरी जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते. मात्र एखाद्या कर्जास जोडीदार जामीन राहिला, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार सामान्यतः तो ऋणकोइतकाच बांधला जातो. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा. स्त्रीधन ही तर पत्नीचीच मालमत्ता. संकटकाळी पतीने ते वापरले तरी परत करण्याचे बंधन त्याच्यावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले. दागिने गहाण ठेवायचे की नाही, हा निर्णय तिचा आहे.

परंतु कायदा नावे वेगळी ठेवतो. चूल वेगळी ठेवीत नाही. वसुलीचा फोन एकाला येतो आणि मुलीची फी दोघांची थांबते. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केलेल्या नियमांत पती, पत्नी व अविवाहित मुले हे एक कुटुंब धरले आहे, आणि सर्व कर्जांचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असे म्हटले आहे. कार्ड असो वा नसो, प्रत्येक घराने हे माप स्वतःला लावून पाहावे.

घरातले तडजोड मंडळ

मार्ग १९३३ च्या क्रमानेच जातो. एका शांत संध्याकाळी दोघांनी वही घेऊन बसावे. कार्ड, बचत गट, सहकारी संस्था, दुकानाची उधारी, भावाकडून घेतलेले हातउसने, सारे लिहावे. प्रत्येकापुढे रक्कम, व्याजदर आणि तारीख मांडावी. पतसंस्थांची व बँकांची माहिती साठविणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य मिळतो. दोघांनीही तो मागवावा. विसरलेले कर्जही त्यात सापडते. या बैठकीत "का केलेस?" हा प्रश्न बाजूस ठेवून "किती आहे?" एवढेच विचारावे. दोषाची चर्चा आधी झाली, तर यादी अपुरी राहते.

यादी झाल्यावर कार्डाचा वापर थांबवावा. सर्वाधिक व्याजाचे देणे प्रथम फेडावे, इतरांचे नेमके हप्ते चालू ठेवावेत. कमी व्याजाचे कर्ज मिळाल्यास कार्डाची थकबाकी त्यात वळवावी. पण मोकळे झालेले कार्ड पुन्हा वापरले, तर एकाची दोन कर्जे होतात. फेड अशक्यच असेल तर बँकेस लेखी कळवून हप्ते मागावेत. काही रक्कम सोडून तडजोड झाली, तर तिची नोंद पतअहवालात राहते आणि पुढील कर्ज अवघड होते, हेही जाणून घ्यावे. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, धाकदपटशा करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. तक्रारीस बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

कर्जाने घर मोडते, असे आपण म्हणतो. पुष्कळदा घर कर्जापूर्वीच, ते लपविल्याच्या दिवशी तडकलेले असते. म्हणून ज्या संध्याकाळी दोघांच्या हस्ताक्षरातील यादी पूर्ण होते, त्या संध्याकाळी एक रुपयाही फिटलेला नसला तरी फेडीस प्रारंभ झालेला असतो. ती वही मुलांच्या दृष्टीस पडली तरी संकोच मानू नये. शाळेत आम्ही व्याजाची उदाहरणे फळ्यावर सोडवून देतो. त्यांचा अर्थ मुले घरीच शिकतात.