मुंबई ते दुबई अंतर किती? आणि त्यावरून भाडं निघतं का?

एक्सपोर्टच्या व्हिडिओत आकडेमोड भराभर झाली, म्हणून ती इथे सावकाश लिहून देतो. वही-पेन घ्या.

समजा, तुम्हाला हापूसच्या पेट्या मुंबईहून दुबईला विमानाने पाठवायच्या आहेत. आधी अंतर काढू. मुंबई विमानतळ साधारण १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. दुबई २५.३ उत्तर, ५५.४ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ६.२ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून ६८८ किमी. पूर्व-पश्चिम फरक १७.५ अंश. पण इथे १११ नाही धरायचे. विषुववृत्तापासून वर जाऊ तसा हा अंश लहान होत जातो. या दोन शहरांच्या मधोमध, २२ अंशांवर, तो १०३ किमी भरतो. म्हणजे १८०२ किमी. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर सुमारे १९३० किमी. झालं!

ही रीत जवळच्या अंतरालाच चालते बरं का. लंडनसाठी केलीत तर साडेसात हजारांच्या वर आकडा येईल, खरं अंतर सुमारे ७२०० आहे. पृथ्वी गोल आहे, तिथे सपाट कागदाचा हिशेब फसतो. लांबच्यासाठी सरळ गुगल मॅप्समधलं अंतर मोजायचं साधन वापरा, ते गोलाई धरूनच मोजतं.

१९३० किमीला जेट विमान चढ-उतार धरून साधारण तीन तास घेतं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, तेव्हा वेळापत्रकातल्या वेळा बघून फसू नका. शिवाय विमान नेहमी सरळ रेषेत जात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्ली-लंडन अंतर तेवढंच राहिलं, पण प्रवास लांबला.

आता खरा मुद्दा. बरेच नवे उद्योजक ट्रकच्या सवयीने "किलोमीटरला किती?" असा हिशेब करून गिऱ्हाईकाला दर देऊन मोकळे होतात. विमानात भाडं किलोवर लागतं, आणि तो किलोही तुमच्या काट्यावरचाच असेल असं नाही. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि ६००० ने भागा. ४० × ३० × २० ची पेटी म्हणजे ४ किलो. आत आंबे धरून वजन ३ किलो भरलं तरी पैसे ४ चे! कुरिअर कंपन्या बहुधा ५००० नेच भागतात, म्हणजे तीच पेटी ४.८ किलो. भाड्यातली बचत किलोमीटरमध्ये शोधू नका, पेटीतल्या रिकाम्या जागेत शोधा.

दर मागताना एजंटला पेटीची मापं, एकूण पेट्या आणि विमानतळाचा कोड लिहून पाठवा. दुबईत विमानतळ दोन आहेत, डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी. कुठला, ते गिऱ्हाईकाला आधीच विचारून घ्या.