सोळाव्या वर्षीचं प्रकरण

सकाळी साडेआठ. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकिली करते, त्यामुळे दिवस फायलीनेच उघडतो. आज नंदुरबारच्या न्यायालयात एकोणीस वर्षांच्या मुलाचा जामीन आहे. मोटारसायकल चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२). पोलिसांच्या म्हणण्यात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, 'आरोपी सराईत असून त्याच्यावर यापूर्वीही चोरीचा गुन्हा आहे.' तो गुन्हा शेतातल्या मोटारीची केबल कापून तांबं विकल्याचा. तेव्हा मुलगा सोळाचा होता. बाल न्याय मंडळाने समज देऊन त्याला बापाच्या ताब्यात दिलं होतं.

साडेनऊ. हे एक वाक्य खोडून काढण्यासाठी सकाळ खर्ची घालते, कारण ते आज जामिनात आलं तरी उद्या शिक्षेत निघतं. ३०३(२) खाली पहिल्यांदा दोषी ठरला तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि एक वर्षाची सक्तमजुरी ठरलेलीच. न्यायाधीशांच्या मनात असलं तरी त्याखाली जाता येत नाही. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, असं मागायची वाटही अवघड होते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ यासाठीच आहे. मंडळाने ज्याचं प्रकरण हाताळलं, त्या मुलाला त्या निकालामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपिलाची किंवा नियमात ठरलेली मुदत संपली की कागदपत्रंही नष्ट करायची. अपवाद एकच: वय सोळा ते अठरा, गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा, आणि बाल न्यायालयाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवलेला. केबलची चोरी त्यात बसत नाही. सोबत रमेश बिष्णोई प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल लावते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतही अल्पवयातलं प्रकरण आडवं आणू नका, असं त्यात सांगितलंय.

अकरा. बाल न्याय मंडळ. इथे मंच नाही, पिंजरा नाही. न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य मुलासमोरच्या टेबलाशी बसतात. अक्कलकुव्याकडच्या एका मुलाच्या वयाचा प्रश्न. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडे निम्मी पोरं १ जूनची, कारण नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली असते. आई भिलीत सांगते, काठी गावची होळी झाली आणि आठ दिवसांनी हा झाला. कायद्याने दाखला आधी, आईची होळी नंतर. दाखला धरला तर गुन्ह्याच्या दिवशी मुलगा अठराच्या आत आहे, होळी धरली तर तो अडीच महिन्यांनी मोठा ठरून बाहेर पडतो. मी दाखल्यावरच बोट ठेवते. आईला दुभाष्याकरवी समजावते, की मावशी, तुम्ही खोट्या नाही; कागद आज मुलाच्या बाजूने आहे.

दीड. डबा. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणतात, "ताई, शक्ती मिलचं काय मग? तिथेही माफी?" नाही. मुंबईतल्या शक्ती मिलच्या आवारातल्या दोन सामूहिक बलात्कार प्रकरणांत दोषी ठरलेल्या तिघांना २०१४ मध्ये पुन्हा केलेल्या बलात्काराच्या कलमाखाली, जुन्या दंड संहितेच्या ३७६ई खाली, फाशी सुनावली गेली, ती २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. ते तिघे प्रौढ होते. दोन्ही प्रकरणांतल्या अल्पवयीन मुलांचा निर्णय बाल न्याय मंडळाकडे गेला. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा असावी, हे मलाही मान्य आहे. पण मोजणी अठराच्या पुढून सुरू होते. सोळाव्या वर्षाला पहिला गुन्हा धरला, तर सातपुड्यातल्या ज्या पोराच्या मागे एकदा पोलीस लागले, त्याला दुसरी संधी कधीच मिळणार नाही.

तीन. सकाळच्या जामिनाचा पुकारा. मी कलम २४ वाचून दाखवते. सरकारी वकील म्हणतात, आम्ही फक्त पार्श्वभूमी सांगतोय. मी म्हणते, दोषारोप ठेवताना वाढीव शिक्षेसाठी आधीच्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. इथे लिहिणार काय? साहेब तपास अधिकाऱ्याकडे बघतात. तो परिच्छेद वगळून म्हणणं नव्याने दाखल करा, असा आदेश होतो. तारीख सोमवारची. आज शुक्रवार. म्हणजे मुद्दा मिळाला, पण पोरगा आणखी तीन रात्री कोठडीतच. याचा संताप येतो, आणि तो गिळत नाही. साहेबांना विनंती करून सोमवारी पहिल्या क्रमांकावर लावून घेते.

साडेपाच. मुलाचा बाप आवारात थांबलाय. ऊसतोडीवरून गुजरातेतून निघून आलाय. जामीनदारासाठी सातबारा लागेल म्हटल्यावर सांगतो, "मॅडम, आमच्याकडे सातबारा नाय, वनपट्टा आहे." वनपट्टा दाखवूच, पण त्यावर अडून बसायला नको. दादा, सरपंचांचा दाखला, घरपट्टीची पावती आणि आधार कार्ड घेऊन सोमवारी दहाला या, आणि गावातला सातबारावाला कुणी राजी असेल तर त्यालाही आणा. तो पावतीसाठी फोन लावतो. मी अर्जाचा मसुदा काढते: जुन्या प्रकरणाचे कागद अपिलाची मुदत उलटूनही ठाण्याच्या नोंदीत का आहेत, याचा खुलासा मागणारा.