सटवाईचा कोरा कागद

मोठ्या माणसांपुढे तुम्ही जरा जास्त शहाणपणा केलात, की ती काय म्हणतात? "मला शिकवतोस होय रे? तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!"

आता खरं सांगा, ते बारसं तुम्हांला आठवतंय का? पाळण्यावर कोण ओणवं झालं होतं, आत्याने कानात 'कुर्रर्र' केल्यावर तिच्या पाठीत किती धपाटे बसले, काही आठवत नाही ना? नाहीच आठवणार! आपण आयुष्यात सगळ्यांत जास्त काम ज्या वर्षी करतो, नेमकं तेच वर्ष कुणाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून ते दुसऱ्याचं बघून घ्यावं लागतं. तुमच्या घरी, मामाकडे किंवा शेजारी एखादं बारकं बाळ असेल, तर आज हे पान हातात घेऊन त्याच्या पाळण्याजवळ बसा.

समजा, हे बाळ हातकणंगल्यातलं आहे. तीन दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आलंय. माळ्यावरचा पाळणा खाली उतरलाय. इचलकरंजीच्या मागांचं गाव शेजारीच, त्यामुळे झबल्या-टोपड्यांच्या कापडाला तोटा नाही. पण बाळाला खरी ऊब मिळते ती आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या वाकळेत. हुपरी तर आपल्याच तालुक्यातलं चांदीचं गाव. तिथल्या घुंगरांच्या वाळ्यांची जोडी मामाने कधीच सांगून ठेवली असणार!

पाचवीची रात्र

जन्मानंतर पाचव्या दिवशी पुष्कळ घरांत पाचवी पुजतात. पाट्या-वरवंट्याची पूजा होते, दिवा लावतात आणि जवळ एक कोरा कागद नि लेखणी ठेवतात. का? तर रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. ती काय लिहिते, ते कुणालाच वाचता येत नाही, असं म्हणतात.

ही पूजा पाचव्याच दिवशी का बरं? जुन्या बायका डॉक्टर नव्हत्या, पण त्यांचे डोळे उघडे होते. बाळाला सगळ्यांत जास्त धोका पहिल्या काही दिवसांत असतो, हे त्यांनी घरोघरी पाहिलं होतं. आजचे डॉक्टरही तेच सांगतात. म्हणजे त्या रात्रीच्या दिव्यामागे आनंद होता, तशी भीतीही होती.

ती भीती खोटी नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या १००० बाळांपैकी २०० किंवा त्याहूनही जास्त बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. अशाच काळात, १८८७ साली, आपल्याच तालुक्यातल्या कुंभोज गावी एक बाळ जन्मलं. त्याने ते अवघड वर्ष पार केलं, ते मोठं झालं आणि १९१९ साली त्याने रयत शिक्षण संस्था काढली. ओळखलंत ना? कर्मवीर भाऊराव पाटील! पण त्या काळी जी बाळं राहिली नाहीत, त्यांच्यातलं कोण पुढे काय झालं असतं, हे कधीच कळणार नाही.

आता पुढचे आकडे पाहा. १९७१ साली भारतात १००० मागे १२९ बाळं पहिल्या वर्षात दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला आणि आपल्या महाराष्ट्रात तर १६ वर. मग काय, सटवाईने आपलं अक्षर बदललं? तसं नव्हे. तिच्या कोऱ्या कागदाशेजारी आता एक दुसरा कागद आलाय, आणि तो माणसं लिहितात.

दुसरा कागद

आईला विचारा, बाळाचं कार्ड कुठंय? ती कपाटातून जपून ठेवलेलं कार्ड काढून दाखवील. त्यावर बाळाचं वजन आणि लसींच्या तारखा असतात. जन्मल्यावर लगेच क्षयाविरुद्धची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशा रोगांवरच्या लसी. नऊ महिने झाले की गोवर-रुबेलाची. सुई टोचली की बाळ भोकाड पसरतं, आईचे डोळेही भरून येतात. पण त्या एका टोचण्याने केवढं काम होतं, याचा पुरावा तुमच्या घरातच सापडेल. आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल वण आहे का, पाहा. तुमच्या दंडावर तो नाही, कारण देवीचा रोगच उरला नाही! भारतातला अखेरचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली सगळं जग देवीमुक्त झालं. पोलिओचंही तसंच. आपल्या देशातला अखेरचा रोगी २०११ सालचा, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

पण लसी देऊनही एक प्रश्न उरतोच. अगदी कोवळ्या, आठ-दहा दिवसांच्या बाळाला रात्री-अपरात्री काही झालं आणि दवाखाना दूर असला तर? याचं उत्तर आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत सापडलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे खेड्यातल्याच बायकांना शिकवलं. बाळ कसं तोलायचं, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास जोरात चाललाय का हे कसं मोजायचं आणि त्यावर काय करायचं, हे सारं त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम चाललं. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू, बाकीच्या गावांशी तुलना करता, ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ सालापासून देशभरच्या आशाताई अशाच प्रकारे घरी येऊन बाळाला तपासू लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या येतात. तुमच्या दारात आशाताई दिसल्या, तर आधी पाण्याचा तांब्या द्या बरं का! केवढं मोठं काम करायला त्या आल्यात, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.

तीन किलोंचे नऊ किलो

बाळ नुसतं झोपतं आणि रडतं, असं वाटतं ना? मग हे गणित करा. जन्मतः बाळ ३ किलोंचं असेल, तर साधारण पाच महिन्यांत ते ६ किलोंचं होतं आणि वर्षाला ९ किलोंचं. म्हणजे तिप्पट! तुम्ही आता ३० किलोंचे असाल आणि याच वेगाने वाढलात, तर पुढच्या वर्षी ९० किलो भराल. बाकावर शेजारी कुणी बसेल का सांगा!

जन्मलेल्या बाळाला दूरचं धूसर दिसतं. एक वीत-सव्वा वीत अंतरावरचं मात्र बरं दिसतं. हे अंतर कुठलं, माहीत आहे? मांडीवरच्या बाळापासून आईच्या तोंडापर्यंतचं! आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ओळखतं. दीड-दोन महिन्यांनी ते तुमच्याकडे बघून मुद्दाम हसतं. झोपेतलं हसू वेगळं, हे वेगळं. हे हसू म्हणजे तुम्हांला दिलेलं उत्तर असतं. तीन-चार महिन्यांत मान धरतं. मग एके दिवशी कुणाचं लक्ष नसताना पालथं पडतं आणि हात पोटाखाली अडकला म्हणून ओरडतं. आठ-नऊ महिन्यांचं झालं, की अंगठा आणि बोट जुळवून तुमच्या वाटीतून सांडलेला भडंगातला चुरमुरा अचूक उचलतं. एवढं बारीक काम ते कुणाच्याही शिकवणीशिवाय शिकलं!

याच सुमाराला तोंडावर पदर घेऊन 'भॉक' केलं, की ते खदखदून हसतं. का? दिसेनासं झालेलं माणूस खरोखर नाहीसं होत नाही, पदराआड असतंच, हे त्याला नुकतंच उमगलेलं असतं.

पॅसेंजर गाडीची गोष्ट

इथे मोठ्या माणसांना एक गोष्ट सांगायची आहे. त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

"शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं, आमचं अजून उभंसुद्धा राहत नाही!" अशी काळजी पुष्कळ घरांत ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या ८१६ धडधाकट बाळांवर लक्ष ठेवलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. काय दिसलं? कुणी चार महिन्यांच्या आतच आधाराशिवाय बसलं, तर कुणी नऊ महिने उलटल्यावर. कुणी आठ महिने होताच एकटं चाललं, तर कुणी साडेसतरा महिन्यांनी. आणि शंभरातली चार बाळं तर रांगलीच नाहीत, एकदम उभी राहिली! ही सगळी बाळं ठणठणीत होती.

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर कधी क्रॉसिंगला थांबते, कधी वेळेआधी हातकणंगल्याला येते. बाळाचंही तसंच. म्हणून पांगुळगाडा द्या, बोट द्या, पण घाई करू नका. मात्र दीड वर्षाचं होऊनही पाऊल टाकत नसेल, किंवा आवाजाकडे वळूनच बघत नसेल, तर 'होईल आपोआप' म्हणून बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

पहिला घास, पहिला शब्द

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको, असं डॉक्टर सांगतात. घुटी, मध, डोळ्यांतलं काजळ यांनाही ते नकोच म्हणतात. आजीला हे पटणार नाही कदाचित. तिच्याशी वाद घालू नका. आशाताई आल्या की आजीसमोरच विचारा! आणि सहा महिने झाल्यावर आजीचंच ऐका, कारण तेव्हा उष्टावण येतं. मामाच्या मांडीवर बसून बाळ पहिला घास खातं. पुढे मऊ भात, वरण, तूप, नाचणीची पेज. पहिल्या घासाला तोंड कसं वेडंवाकडं होतं, ते बघाच!

पहिल्या संक्रांतीनंतर येतं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या यांचा पाऊस. लुटालूट तुमची! पण तिथेच तुमचं काम सुरू होतं. शेवटचं बोर उचलेपर्यंत बाळाला खाली सोडायचं नाही, कारण हाताला लागेल ते तोंडात घालायचं त्याचं वय असतं.

एव्हाना 'बा-बा-बा', 'दा-दा-दा' सुरू झालेलं असतं. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९८४ साली एक गंमत दाखवून दिली. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट' मधला फरक ऐकून कळत होता. तीच क्षमता वर्षाच्या आसपासच्या बाळांत जवळजवळ नाहीशी झाली होती! म्हणजे सुरुवातीला बाळ साऱ्या जगाचे आवाज ऐकायला तयार असतं आणि वर्षभरात, आजूबाजूला जे बोललं जातं, ते धरून ठेवतं. तुमचं 'काय करतंय गं बाळ?' वाया जात नाही. बोला त्याच्याशी, भरपूर बोला.

आता तुमची पाळी

बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवा. सर्दी-खोकला असेल तर लांबूनच बोला. मान धरत नाही तोवर मानेखाली हात हवाच. त्याला जोरात हलवू नका, वर उडवू नका. झोपताना बाळ उताणं आहे ना, ते पाहा. ते रांगायला लागलं, की दररोज एकदा स्वतः त्याच्याएवढे होऊन घरभर रांगा! बटण, चिंचोका, शेंगदाणा, नाणं, वाळ्याचं सुटलेलं घुंगरू, जे जे दिसेल ते उचला. उभ्या माणसाला या वस्तू दिसत नाहीत, म्हणून हे काम तुमच्यासारखं दुसरं कुणी करू शकणार नाही.

आणखी एक काम. एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर बाळाचं नाव. मग बाळ पहिल्यांदा हसलं, पालथं पडलं, दात दिसला, तुमचं बोट सोडून एकटं पाऊल टाकलं, त्या त्या दिवसाची तारीख आणि तेव्हा घरात कोण कोण होतं ते लिहा. चित्र काढता येत असेल तर काढा. चार-दोन ओळी पुरे.

दहा वर्षांनी ते बाळ तुमच्याशी हुज्जत घालायला लागेल, तेव्हा वही त्याच्यापुढे ठेवायची. आणि मग खुशाल म्हणायचं, "मला शिकवतोस होय? तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी!"