न विचारलेला प्रश्न

गाव नमुना बारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातील रकान्यांची गर्दी आठवत असेल. हंगाम, मिश्र पीक, निर्भेळ पीक, जलसिंचनाचे साधन, शेरा, सारेच छापलेले. जे लागू नाही ते रिकामे सोडावयाचे. कागद ओबडधोबड खरा, पण त्याने कोणापासून काही लपविले नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या हातची ही नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली. येथे प्रश्न टप्प्याटप्प्याने येतात. खाते, गट, हंगाम, मग पिकाचा वर्ग. आणि पुढे काय विचारावयाचे हे आधीच्या उत्तरावरून ठरते. कल्पना मुळीच नवी नाही. शिरूर तालुक्यातला जाणता तलाठी पाबळ-केंदूरच्या जिरायतदाराला कालव्याच्या पाण्याची चौकशी करीत बसत नसे, आणि भीमाकाठच्या बागायतदाराला विहीर की उपसा हे विचारल्यावाचून सोडत नसे. यंत्राने ही समज उचलली, हे चांगलेच झाले.

तथापि उत्तर अपुरे वाटले की तलाठी थबकत असे. यंत्र थबकत नाही. दौंडकडे पूर्वहंगामी उसात कांद्याचे आंतरपीक घेतात. रानात काय आहे असे विचारले, तर शेतकरी 'ऊस' म्हणेल. वर्षभर रान अडविणारा आणि कारखान्याचे बिल आणणारा तोच. त्याने 'एक पीक' निवडले की दुय्यम पिकाचा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. तो खोटे बोललेला नसतो, आणि असा काही प्रश्न होता हेही त्याला कळत नाही.

अशा नोंदीचे मोल २०२३ साली दिसून आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्यास क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान शासनाने जाहीर केले. अट सातबारावर कांद्याच्या नोंदीची. नोंद नसलेल्यांसाठी अखेर गावपातळीवरील समितीच्या पाहणीची तोड काढावी लागली. नोंद न होण्याची कारणे अनेक होती. रेंज नाही, मुदत टळली, मोबाइलच नाही. साऱ्याचा दोष प्रश्नांच्या रचनेवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु रेंज नसल्याचे शेतकऱ्याला निदान कळते.

म्हणून असा फॉर्म रचणाऱ्याने प्रथम भाषा बदलावी. 'एक की मिश्र?' हे महसुली वर्गीकरण झाले; 'उसात आणखी काही लावले आहे काय?' हा रानातला प्रश्न. मागे जाऊन उत्तर बदलले, तर लागू असलेली बाकीची उत्तरे पुसली जाऊ नयेत. उलट जी गैरलागू झाली, ती आत दडून राहू नयेत; नाहीतर 'पड' म्हणून नोंदविलेल्या तुकड्याला आधी निवडलेली विहीर चिकटून राहावयाची! आणि शेवटी सारा तक्ता एकत्र दाखवावा. त्यात 'दुय्यम पीक विचारले नाही, कारण आपण एक पीक निवडले' असे स्वच्छ मराठीत लिहावे. शेजारच्या काकांची नोंद करून देणाऱ्या कॉलेजच्या मुलालाही ती ओळ उपयोगी पडेल.

पीक पाहणीत दुरुस्तीसाठी ४८ तासांची सवलत ठेवली गेली, हे योग्यच. मात्र ती ओळ पडद्यावर नसेल, तर उसातल्या कांद्यासाठी त्या ४८ तासांत कोणी परत फिरणार नाही.